पहिल्या ठोक्याला बार

तिसऱ्या दुकानातल्या टोप्याही फुटल्या. एकही फुसकी निघाली नाही, तेव्हा रंगरावांच्या कपाळाला आठी पडली.

कुरुळीतल्या घरामागे, कंपनीच्या भिंतीला लागून उरलेल्या मोकळ्या जागेत ते ठासणीची बंदूक घेऊन बसले होते. नळी रिकामी होती. घोड्याखालच्या बोंडावर, ठोका बसला की ठिणगी पाडणारी तांब्याची इवलीशी टोपी बसवायची, चाप ओढायचा आणि आवाज ऐकायचा, असं सकाळपासून चाललं होतं. सर्दावलेल्या, काठाला चिरलेल्या, ढिल्या बसणाऱ्या टोप्या त्यांनी आधीच बाजूला काढल्या होत्या.

गावच्या यात्रेत बार उडाल्याशिवाय देवाची पालखी उठत नाही, आणि तो मान रंगरावांच्या घराचा. पण गेली दोन वर्षं घोडा आधी नुसताच खट् वाजत होता, गर्दी हसत होती आणि मग दुसऱ्या ठोक्याला बार उडत होता. यंदाही तसंच झालं तर पुढच्या वर्षीपासून रिमोटचा फटाका लावू, असं यात्रा कमिटीच्या उद्धवरावांनी तोंडावर सांगितलं होतं. वर ‘नाचता येईना अंगण वाकडं’ हेही ऐकवलं होतं. रंगराव म्हणाले, रीत ती रीत, आणि दोष टोप्यांचा. गावात रीतीवरून वाद झाला की लोक त्यांच्याकडेच यायचे, आणि ते कुणाच्याही भिडेखातर रीत केसभरही वाकू देत नसत. दोष टोप्यांचा असं ते म्हणाले, म्हणजे विषय संपला.

एवढ्यात समर्थ शिफ्ट संपवून आला. दोन वर्षांपूर्वी रंगरावांनीच देवासमोर टिळा लावून बंदूक या मुलाच्या हाती दिली होती. बार तेव्हापासूनच अडत होता. गावाला ते केव्हाच उमगलं होतं, बापाला उमगायचं होतं.

समर्थनं एक टोपी बसवून चाप ओढला. खट्. पुन्हा ओढल्यावर फुटली. दुसऱ्या टोपीचंही तेच. रंगरावांनी वाकून बघितलं. टोपी बोंडावर अर्धवट बसत होती आणि पहिला ठोका तिला खाली बसवण्यातच वाया जात होता. नीट दाब, म्हणून ते खेकसले. समर्थनं जीव खाऊन दाबली. टोपीचा काठ अंगठ्यात रुतला, रक्ताची धार लागली, आणि तो शांतपणे वडिलांना विचारत राहिला की आता बसली का.

रंगरावांनी त्याचा हात धरला. बोटं पांढरीफटक आणि गार होती. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. कास्टिंगच्या कंपनीत दिवसभर थरथरणारा ग्राइंडर धरून बोटं बधिर व्हायची. आधी फक्त सकाळी, आता दिवसभर. कंपनीत सांगितलं तर कामावरून काढतील, घरी सांगितलं तर आई हाय खाईल, म्हणून पोरगं गप्प होतं.

"टोप्या चांगल्याच आहेत, अण्णा," तो म्हणाला. "माझ्या बोटांना काही कळत नाही."

रंगरावांना भडभडून आलं. त्यांनी दुकानदारांना शिव्या घातल्या होत्या आणि पोरगा शेजारी उभा राहून त्या ऐकत होता. यात्रा झाली की पहिल्यांदा डॉक्टर, मग कंपनी काय म्हणायचं ते म्हणो, हे त्यांनी तिथंच ठरवलं. पण यात्रा दुसऱ्याच दिवशी होती. बंदूक परत आपल्या हाती घेणं म्हणजे पोरगा नालायक आहे असं चारचौघांत सांगणं, आणि ते त्यांना मरेपर्यंत जमणार नव्हतं. घरूनच टोपी बसवून न्यावी, तर टोपी चढवलेली बंदूक माणसांतून न्यायची नाही, हा नियम त्यांचाच. रंगरावांनी मुलाला एवढंच सांगितलं की तू फक्त चाप ओढायचा.

यात्रेला मंदिरासमोर मुंगी शिरायला जागा नव्हती. समर्थ नुसती दारू ठासलेली बंदूक आभाळाकडे धरून उभा राहिला. रंगराव पुढं झाले आणि त्यांनी खिशातून टोपी काढली. उद्धवराव आडवे आले. ज्याला टिळा त्यानंच बार उडवायचा, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत, असं ते म्हणाले. समर्थनं मान खाली घातली.

"आमच्या घरची जुनी रीत हाय," रंगराव म्हणाले. "पोराचा हात नवा हाय तवर टोपी बापानं बसवायची, चाप पोरानं वढायचा. मधी दोन वर्सं आमी चुकलो, म्हनून बार अडला."

देवासमोर उभं राहून ते आयुष्यात पहिल्यांदा धडधडीत खोटं बोलले, आणि त्यांचा आवाज जरासुद्धा हलला नाही.

उद्धवरावांना पटेना. ते पायरीवर बसलेल्या सोजरबाईंकडे वळले. गावातलं सगळ्यांत जुनं माणूस म्हणजे सोजरबाई. लग्न होऊन आल्यापासून यात्रेतला एकही बार बघायचा त्यांचा चुकला नव्हता, आणि त्या खोट्याला खोटं म्हणायला कुणाच्या बापाला भीत नसत. सोजरबाईंनी त्यांच्याकडे बघितलं, समर्थच्या चिंधी बांधलेल्या अंगठ्याकडे बघितलं आणि पदर सारखा केला.

"व्हय तर," त्या म्हणाल्या. "रंगूच्या बापानं बी त्याला अशीच बसवून दिली हुती. म्या पाह्यलंय."

उद्धवराव बाजूला झाले. रंगरावांनी टोपी अंगठ्यानं घट्ट दाबून बसवली. समर्थनं चाप ओढला. पहिल्याच ठोक्याला बार उडाला आणि गुलालात पालखी उठली.

गर्दी पालखीमागं गेल्यावर रंगराव सोजरबाईंच्या पाया पडायला वाकले. ते पाळण्यात असतानाच त्यांचे वडील गेले होते, बंदूक त्यांना चुलत्यांनी दिली होती. हे आठवणारं आता गावात त्या दोघांशिवाय कुणी उरलं नव्हतं.

"तुजा बाप तुला ठावं न्हाई," सोजरबाई हळूच म्हणाल्या. "पन आसता, तर त्यानं ह्येच केलं आसतं."