पॅरलल फोन

रविवारी सकाळी आठ वाजून दोन मिनिटांनी फोन वाजला. तवनाप्पांनी तो झडप घालून उचलला, पलीकडून त्यांचा मुलगा सम्मेद "आप्पा—" एवढंच म्हणाला आणि फोन मेला. मोडेमवरचा हिरवा दिवा लाल झाला.

"बघितलंस?" तवनाप्पा म्हणाले. "आता तर पटलं?"

प्रसेनजीतला पटलं. इंटरनेटच्या ऑफिसातून तो राजारामपुरीतल्या ह्या घरी तिसऱ्यांदा आला होता. आधी दोनदा आला ते मधल्या वारी, आणि दोन्ही वेळा सगळं गुमान चाललं होतं. तरी त्याने मोडेम बदलला, वायर बदलली, आणि जाताना "काका, तुमचाच कायतरी घोळ असंल" असं म्हणून तवनाप्पांचं डोकं उठवलं. म्हणून आज त्याला हट्टाने रविवारी, आठच्या ठोक्याला बोलावलं होतं.

फोनचा डबा सम्मेदने अमेरिकेहून पाठवला होता. एका बाजूला मोडेमची वायर लावायची, दुसऱ्या बाजूला साधा फोन, की इंटरनेटवरून हवं तेवढं बोला. तो आल्यापासून पाच रविवार गेले होते आणि बापलेकाचं मिळून एक वाक्य पुरं झालं नव्हतं. पोरगा गेल्यापासून तवनाप्पांच्या आठवड्यात वाट बघण्यासारखं एवढंच होतं, रविवारचे आठ. तेही ह्या डब्याने खाल्ले.

"जुन्या फोनवर काय वाईट चाललं होतं?" ते म्हणाले. "खरखरायचं, पण पोरगं पुरतं बोलायचं तरी."

प्रसेनजीत अडगळीतला जुना फोन मागून घेऊन तो थेट टेलिफोनच्या तारेला लावून बसला. दिवा पुन्हा हिरवा झाला. डब्याचा फोन वाजला, तवनाप्पांनी उचलला. "आप्पा, ऐकू—" आणि दिवा लाल.

प्रसेनजीतने जुन्या फोनचा रिसीव्हर कानाला धरला. मग कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "काका, हितं कोणतरी हाय."

"कुठं?"

"तारेवर. तुमच्या लायनीला आणिक एक फोन हाय. इंटरनेट ह्याच तारेतनं येतंय, त्यो उचलला की पडतंय."

"माझ्या घरात दुसरा फोन न्हाय. डोळे हायत न्हवं तुला?"

प्रसेनजीतने रिसीव्हर त्यांच्या हातात दिला. आत डायल टोन घुमत होता. त्याच्या मागे कुकरची शिट्टी झाली आणि एक बाईमाणूस स्वतःशीच म्हणालं, "आजबी न्हाय. आजबी नुसतं टूंऽऽ." मग ठेवल्याचा आवाज झाला.

तो आवाज तवनाप्पांनी नऊ वर्षांनी ऐकला. त्यांच्या थोरल्या भावाची बायको, रत्नाबाई, खालच्या मजल्यावर एकटी राहायची. घराची वाटणी झाली तेव्हा ह्या लोकांनी भांडी वाटली, पाण्याची टाकी वाटली, जिन्याच्या पायऱ्यासुद्धा वाटल्या आणि बोलणं बंद केलं. भाऊ वारला तरी ते उघडलं नाही. फोन तवनाप्पांच्या वाट्याला आला. पण खालचा जोडफोन आणि त्याला गेलेली पॅरललची तार काढायचं कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. खालच्या फोनची घंटी बाईने बंद केलेली असणार. रविवारी वरची वाजली की ती हळूच उचलत असणार.

"म्हणजे आम्ही जुन्या फोनवर बोलायचो ते खाली ऐकू जायचं?"

"सगळं."

तवनाप्पांचं टाळकं सटकलं. पोरगा अमेरिकेला गेल्यापासून चोरून ऐकत होती. मग आपण काय काय बोललो ते एकेक आठवायला लागलं. ती कशी आतल्या गाठीची, भावाला तिनेच कसं फिरवलं, हे सारं पोराला कितीदा सांगून झालं होतं. बाईने ते ऐकून घेतलं आणि पुढच्या रविवारी पुन्हा फोन उचलला. सम्मेदची आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता. तेव्हापासून दहावीपर्यंत त्याला रोज दिवस बुडायच्या आत जेवूखाऊ तिनेच घातलं होतं. तवनाप्पांना लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून आणखीच राग आला.

"तोडून टाक," ते म्हणाले.

प्रसेनजीतने जिन्याजवळ जाऊन खाली जाणारी तार पकडीने तोडली. "झालं काका. आता दिवसभर बोला."

तवनाप्पा तारेच्या लोंबणाऱ्या टोकाकडे बघत उभे राहिले. जिन्यातून खालच्या आमटीच्या फोडणीचा वास येत होता.

"ह्या डब्याला एकदम दोन फोन लागत्यात काय?"

"लागत्यात की."

"मग ही तार त्याला लाव."

"अवो, आत्ताच तोडाय लावली न्हवं? खाली परत सगळं ऐकू जाईल."

"जाऊ दे. तुला काय करायचंय? लाव म्हटलं तर लाव."

प्रसेनजीतने कपाळावर हात मारला, मध्ये तुकडा जोडून तार डब्यापर्यंत आणली आणि लावली.

साडेआठला फोन वाजला. तवनाप्पांनी उचलला. कानात बारीक खट् झालं. दिवा हिरवाच राहिला.

"आप्पा, येतंय ऐकू?"

"येतंय. मोठ्यानं बोल. दिवस बुडायच्या आत जेवलास काय, ते पहिलं सांग."

"आप्पा, असलं तुम्ही कवा इचारलंय?" सम्मेद म्हणाला.

"मी न्हाय इचारत," तवनाप्पा खेकसले. "तू मोठ्यानं सांग."