चाकांचा कल

"उतरू नका, साहेब. बसूनच राहा," फागूबाबा गाडीखालून म्हणाला. "रिकाम्या गाडीचं माप खोटं. माणूस बसला का चाकं फाकतात."

सुदर्शन स्टिअरिंग धरून बसून राहिला. दोन सीटची ही ठेंगणी स्पोर्ट्स कार त्याने तीन वर्षं खपून स्वतः बांधली होती. उद्या जव्हारजवळच्या या माळावर ऑटोक्रॉस होतं. शंकूंच्या मधून वळणं घेत एकेक गाडी धावणार आणि घड्याळ निकाल लावणार. पहिल्या तिघांत नंबर नाही आला तर गाडी विकून टाकायची, असा शब्द त्याने बायकोला, रंजनाला दिला होता. आणि गाडी तर स्टिअरिंग फिरवलं तरी नाक सरळच नेत होती.

पुण्याहून आणलेली मापं लावून तो थकला. शेवटी मोखाड्याच्या स्टँडवरच्या जीपवाल्यांनी फागूबाबाचं नाव सांगितलं. आमच्या जीपांची चाकं तोच लावतो, घाटातलं वळण न् वळण त्याला पाठ आहे, म्हणाले.

म्हाताऱ्याने गाडीच्या दोन्ही अंगांना दोरी ताणली, चाकाशेजारी ओळंबा सोडला. पुढची चाकं वरच्या बाजूने बोटभर आत कलवली, पुढून सूतभर बाहेर उघडली. मग अनवाणी पाय पत्र्यावर टेकवून शेजारी बसला आणि डोळे मिटले.

"चला."

एक फेरी झाली. मागचं डावं चाक वळणात उशिरा येतंय, एवढंच तो बोलला. खाली शिरून त्याने नट अर्धा आटा फिरवला. पुन्हा फेरी, पुन्हा नट. साठ सेकंदांवरून गाडी त्रेपन्नवर आली. पाचव्या फेरीत ती अशी वळली की सुदर्शनच्या अंगावर काटा आला.

"बाबा, कुठं शिकलात हे?"

"गाडीत बसून. दुसरं काय?"

पहिल्या तिघांत यायला पन्नासच्या आत हवं होतं. गाडी आता कमी पडत नव्हती, आपणच कमी पडतोय, हे सुदर्शनला कळून चुकलं.

सकाळी त्याने नोंदणीच्या कागदावर चालक म्हणून फागूबाबाचं नाव लिहिलं. डोकं ठिकाणावर आहे ना, असं रंजनाने विचारलं. तू त्यांना पाहिलं नाहीस, तो म्हणाला. फागूबाबा दोनदा म्हणाला, मी कशाला, साहेब? एवढा मोठा माणूस आणि किती साधा, असं सुदर्शनला वाटलं. त्याने स्वतःच्या हातांनी त्याला हेल्मेट चढवलं, पट्टा आवळला.

झेंडा वर गेला. काही हवंय का, म्हणून सुदर्शन खिडकीशी वाकला.

फागूबाबा मान खाली घालून आपल्या पायांकडे बघत होता.

"साहेब," तो हळूच म्हणाला, "आधी कोणता पाय दाबायचा?"