बांधलेल्या काठ्या

सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी रॉइस लेथमची बोट रिकामी सापडली. महामार्गाच्या पुलापासून शंभर यार्डांवर, प्रवाहाच्या कडेने ती संथ वाहत चालली होती. धुकं होतं. पलीकडून आपल्या छोट्या बोटीतून येणाऱ्या ऑर्वल पिकेन्सने ती पाहिली, हाका मारल्या, मग दोर बांधून ओढत धक्क्यावर आणली आणि फोन केला.

सव्वासातला बचाव पथक आलं. पथकाचा प्रमुख गॉसेट याने बोटीत चढण्याआधी भोवती एक फेरी मारली. मग ऑर्वलला विचारलं, बोटीतलं काही घेतलंस का?

ऑर्वल एकाहत्तर वर्षांचा. त्याला प्रश्न आवडला नाही. "या तलावावर पन्नास वर्षं झाली मला," तो म्हणाला. "दुसऱ्याच्या बोटीतला एक गळसुद्धा कधी घेतला नाही. रॉइसच्या तर नाहीच."

गॉसेटने माफी मागितली. विचारावं लागतं, म्हणाला. ऑर्वल नाव-पत्ता लिहून देऊन घरी गेला. त्याची बायको अंथरुणाला खिळलेली होती. तिला न्याहारी भरवायची होती.

रॉइसची बायको नेडिन साडेसातला पोचली. अंगात घरातला स्वेटर, पायात रॉइसचे बूट. रॉइस चार वाजता निघाला, कॉफीचा थर्मास घेऊन गेला, जाकीट अंगात होतं, एवढं तिने सांगितलं. तो पहिला तास नेहमी कुठे काढतो, हेही सांगितलं. पुलापासून प्रवाहाच्या उलट दिशेने मैलभर वर, डावीकडे तलावाचा एक फाटा आत शिरतो. धरण बांधलं तेव्हा तिथलं रान पाण्याखाली गेलं. झाडांची बुडखी अजून उभी आहेत. बास मासे त्यांच्या मुळाशी बसतात. तीस वर्षं तो तिथेच जातो.

"ऑर्वलनेही तीच जागा सांगितली. तिथे एक बोट पाठवली होती, नेडिनबाई," गॉसेट म्हणाला. "फाट्याच्या तोंडाशी थांबून भोंगा वाजवला. काही उत्तर नाही."

"आत गेले का?"

"बुडख्यांमधून आत जाऊन यायला तास जातो." त्याने तिला बोटीजवळ नेलं. "हे बघा."

डेकवर मासे पकडायच्या सहा काठ्या शेजारी शेजारी होत्या. टोकं एका दिशेला, गळ कड्यांत अडकवलेले, वरून काठ्या बांधायचे दोन्ही पट्टे ताणून बसवलेले. मासे पकडताना बोट हळू सरकवणारी पुढची छोटी विजेची मोटर पाण्यातून वर उचलून तिच्या खोबणीत पक्की केलेली. आमिषांच्या डब्यांचा कप्पा बंद. मासे पकडत असलेल्या माणसाची बोट अशी नसते, गॉसेटने समजावलं. ही वेगात निघालेल्या माणसाची बोट. मोठं इंजिन बंद करणारी दोरीही बोटीत नव्हती. ती जाकिटाला अडकवलेली असते. माणूस पडला की सुटते आणि इंजिन थांबतं. म्हणजे रॉइस मुख्य प्रवाहात, ताशी साठ मैलांच्या वेगात असताना पडला.

नेडिनला हे पटलं. रॉइसचं काठ्यांचं वेड सगळ्या धक्क्याला माहीत होतं. एकदा सुटी काठी वाऱ्याने उडाली होती आणि तिचा गळ त्याच्या कानात रुतला होता. तेव्हापासून लोक म्हणायचे, रॉइस एक वेळ लग्नाचा वाढदिवस विसरेल, पट्टे विसरणार नाही. दोनदा तो वाढदिवस विसरलाही होता.

"किती वेळ आहे?" तिने विचारलं.

पाणी थंड होतं, नोव्हेंबरचं. जाकीट अंगात आहे, धरायला काही मिळालं तर दुपारपर्यंत, गॉसेट म्हणाला.

आठ वाजता दहा बोटी पुलाखाली उतरल्या. एकीवर पाण्याखालचं दाखवणारं यंत्र होतं, दोन बोटींवर पाणबुडे. त्या प्रवाहाबरोबर खाली सरकत गेल्या. नऊला त्या दिसेनाशा झाल्या. नेडिनने बरोबर जाऊ द्या म्हटलं, गॉसेटने नाही म्हटलं. मग ती रिकाम्या बोटीशेजारी खुर्ची टाकून बसली. दर वीस मिनिटांनी धक्क्यावरच्या वायरलेसवर गॉसेटचा आवाज यायचा. काही नाही. अजून काही नाही. वायरलेसपाशी बसलेली मुलगी प्रत्येक वेळी नेडिनकडे बघून मान हलवायची. नंतर तिने बघणं बंद केलं.

साडेअकराला ऑर्वल परत आला. हातात फॉइलमध्ये गुंडाळलेला मक्याचा पाव आणि बीन्सचा डबा होता. त्याने डबा तिच्या मांडीवर ठेवला आणि खा म्हणाला. तिने झाकण उघडलं नाही.

तिने बोटीतल्या ताणलेल्या पट्ट्यावर हात ठेवला.

"बघा ना," नेडिन म्हणाली. "जाताजाताही सगळं जागच्या जागी ठेवून गेला."

"कुठलं जागच्या जागी, पोरी," ऑर्वल मवाळपणे म्हणाला. "मला सापडली तेव्हा सहाच्या सहा काठ्या डेकवर लोळत होत्या. पुढची मोटर पाण्यात. दोन गळ तर नुसते बाहेर लोंबत होते. तशीच ओढली असती तर धक्क्यापर्यंत एक काठी धड राहिली नसती. रॉइसने मला कधी माफ केलं नसतं. म्हणून मीच सगळं नीट बांधलं."

अकरा वाजून बेचाळीस मिनिटं झाली होती. दहाही बोटी पुलाच्या खाली सात मैलांवर होत्या, आणि बुडख्यांचा फाटा पुलाच्या वरच्या अंगाला मैलभर होता.