अ‍ॅम्प्लिफायरची खरी किंमत

"वहिनी, तुम्हीच सांगा, या अ‍ॅम्प्लिफायरची खरी किंमत काय?" गिऱ्हाइकाने माझ्याकडे वळून विचारलं आणि ह्यांच्या हातातलं फडकं थांबलं.

आमच्या दुकानात कशावरच किंमत लिहिलेली नसते. समोरच्याचे बूट पाहून हे आकडा सांगतात. मी मात्र चातुर्मासात खोटं न बोलण्याचा नेम धरला होता. "त्यापेक्षा मौन धर की," हे आषाढीलाच म्हणाले होते. त्यात महिनाभरातलं हे पहिलंच गिऱ्हाईक.

"दोन लाख दहा हजार," मी हळूच म्हणाले. "हे तीन सांगणार होते."

ह्यांनी डोळे मिटले. ते गृहस्थ मात्र खो खो हसले. "चार दुकानं फिरलो. सगळ्यांनी किमतीआधी माझी नोकरी विचारली. बांधा हा, आणि ते स्पीकरही द्या." पुढे त्यांचे मित्रही आले, सगळे थेट मलाच भाव विचारणारे.

कार्तिकीला मी उद्यापनाची तयारी करत होते. हे कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन घुटमळले.

"नेम सोडण्याआधी सगळ्या वस्तूंच्या किमती लिहून दे ना. माझ्या अक्षरात कोणाला खऱ्या वाटणार नाहीत."