मनगटावरचा कागद

वेंडल क्रौचने फिल्म चौथ्यांदा मागे नेली आणि तिथेच थांबवली. पडद्यावर डाव संपला होता, सगळे आपापल्या बाकांकडे निघाले होते, आणि चौपन्न नंबरचा खेळाडू मैदानाच्या मधोमध उभा राहून डाव्या मनगटाकडे बघत होता.

मनगटाला पट्टा बरेच जण बांधतात. आत कागद असतो, त्यावर त्या दिवशीच्या चाली. पण तो चेंडू सुटायच्या आधी बघायचा. नुसतं बाकापर्यंत चालत जायचं उरलं असताना कागदात काय बघायचं असतं? एका व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल क्लबसाठी तीस वर्षं पोरं पारखत मिसिसिपीतली कॉलेजं पालथी घातलेल्या वेंडलला हे नवीन होतं.

तोच चौपन्न नंबर, कॉर्टेझ टिलमन, समोर खुर्चीत बसला होता. सकाळी तो चाळीस यार्ड असा पळाला होता, की घड्याळं धरून उभे असलेले सगळे पारखी एकमेकांकडे बघायचं टाळत होते. एप्रिलमध्ये सगळे क्लब कॉलेजातली पोरं निवडतात, त्या निवडीत हाच घ्या म्हणून वेंडल दोन वर्षं आपल्या क्लबच्या मागे लागला होता. त्याच्या शब्दावर पोराचं नाव यादीत वर चढलं होतं. आजची भेट म्हणजे नुसता शिक्का मारायचा होता. मघाशी वेंडल आत आला तेव्हा पोरगा उठून उभा राहिला होता, "या, क्रौच सर." मागे एकदाच, तेही घाईत भेटलेले. वेंडलला मनापासून बरं वाटलं होतं.

बसल्या बसल्या वेंडलने फळ्यावर एक चाल काढून दाखवली होती, समजली का विचारलं होतं, आणि पुसून टाकली होती. मग दहा मिनिटं तो तळलेल्या माशांवर बोलला. पोरांची आठवण तपासायची ही त्याची जुनी युक्ती होती.

"आता ती चाल काढ बघू," तो म्हणाला.

कॉर्टेझ खडूसारखं पेन धरून फळ्यापाशी उभा राहिला. एक गोल काढला. मग हळूच मनगट वळवून पाहिलं. तिथे त्याला हवं ते नसावं. तो परत येऊन बसला.

"कुठली चाल, सर?"

वेंडलने हात पुढे केला. "पट्टा दे तुझा."

पोराने निमूटपणे काढून दिला. आतल्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: आज मंगळवार. क्रौच येईल. टक्कल, पांढरी मिशी. सर म्हण. संपल्यावर संघातला डॅरिल घरी सोडेल.

"कुणी लिहिलं हे?"

"कोचनी. रोज लिहून देतात. सहाव्या मॅचपासून." त्याला त्यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं. "मॅचला वेगळं असतं. आपण कुठल्या रंगात, आपला बाक कुठल्या बाजूला, असं."

"सहाव्या मॅचला डोक्याला लागलं?"

"लागलं म्हणतात."

"डॉक्टरला दाखवलंस?"

"डॉक्टरला दाखवलं की खेळू देत नाहीत, सर." कॉर्टेझ पहिल्यांदाच नीट त्याच्याकडे बघून बोलला. "आई कोंबड्यांच्या कारखान्यात आहे. तिची बोटं आता मिटत नाहीत. मला निवडलं, की ती सुटणार. हे मला लिहून ठेवावं लागत नाही."

वेंडलने मांडीवरचा फॉर्म उघडला. वरच्या कोपऱ्यात त्याने एक लहानशी फुली मारली, 'घेऊ नका' ही क्लबची नेहमीची खूण, आणि फॉर्म मिटला. फॉर्म क्लबच्या कपाटात जाणार होता. तिथून तो पोराच्या आईकडे जात नाही, डॉक्टरकडे जात नाही आणि दुसऱ्या क्लबकडे तर नाहीच नाही. आपल्याला कळलेलं आपल्यापाशी ठेवायचं, यावरच या धंद्यातल्या लोकांची पोटं चालतात. वेंडलला स्वतःची शिसारी आली. पण पेन त्याने उघडं ठेवलं नाही.

"तुम्ही मला घेणार ना, सर?"

"वर विचारून कळवतो."

दारावर टकटक झाली. कोचने डोकं आत घातलं. "झालं का? त्या दुसऱ्या क्लबचे ऑस्ट्रँडर आलेत. न कळवताच आले. पाच मिनिटांत पाठवतो." आणि गेला.

कॉर्टेझचा चेहरा पडला. त्याने पट्टा उचलला, कागद काढून उलटा केला आणि मागची कोरी बाजू वेंडलपुढे धरली.

"सर, तुम्ही त्यांना ओळखता ना? तेवढं लिहून द्या. कसे दिसतात तेपण."

वेंडलने कागद घेतला. ऑस्ट्रँडरला तो वीस वर्षं ओळखत होता. त्याचे नेहमीचे प्रश्नही त्याला पाठ होते. शेवटी त्याने पेन उघडलं. ऑस्ट्रँडर, त्याने लिहिलं. उंच, चष्मा, डाव्या पायाने लंगडतो. मग खाली त्या प्रश्नांच्या उत्तरांच्या आणखी दोन ओळी लिहिल्या. पट्टा त्याने स्वतःच पोराच्या मनगटाला बांधून दिला.

बाहेर व्हरांड्यात ऑस्ट्रँडर भिंतीला टेकून उभा होता.

"काय रे टकल्या, कसा आहे पोरगा?"

"चांगला आहे," वेंडल म्हणाला.

"म्हणजे नको असणार तुम्हाला," ऑस्ट्रँडर हसला आणि लंगडत आत गेला. दार पुरतं लागलं नव्हतं. आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"या, ऑस्ट्रँडर सर. बसा."

"अरे वा," आतून ऑस्ट्रँडरचा खूश झालेला आवाज आला. "नाव लक्षात ठेवलंस की."