चांदी झिजते

चांदीच्या अंगठीत सराफाला चहापाण्यापुरतं सुटत होतं, प्लॅटिनमच्या अंगठीत महिन्याचं दुकानभाडं. त्यामुळे लग्न ठरलेल्या जोडप्यापुढे त्याने जीव तोडून सांगितलं, "चांदी झिजते हो. प्लॅटिनम जन्मभर जसंच्या तसं!" मुलीने बिलं करणाऱ्या त्याच्या बायकोकडे पाहिलं. "काकू, तुमची कशाची?" काकूंनी हात पुढे केला. बोटात तारेएवढी बारीक उरलेली चांदीची अंगठी होती. "लग्नाआधी ह्यांनीच सांगितलं होतं, चांदीसारखं चोख काही नाही." सराफ पुटपुटला, "अगं, तेव्हा तेवढंच परवडत होतं." "अठ्ठावीस वर्षं झिजली, पण एकदाही काढली नाही," काकू म्हणाल्या. मुलगी मुलाकडे बघून हसली. "आम्हाला चांदीचीच द्या." जोडपं गेलं. ट्रेमधली प्लॅटिनमची अंगठी काकूंनी चांदीच्या शेजारी चढवली. "आता परवडतं ना?" सराफाने लाजत मान डोलावली. त्या दिवशी चांदीचे पैसे गिऱ्हाइकाने दिले, प्लॅटिनमचे सराफाने.