बोटभर माया

आईची पायमशीन काळी, लोखंडी, हलवायला दोन माणसं लागणारी. नवरा म्हणतो, "मोडीत काढ आता." मी म्हणते, "तू आणलेल्या विजेवरच्या दोन बिघडल्या, हिला अजून तेलाचा थेंब पुरतो."

दिवसभर शिवून उठताना आई चाकावरचा पट्टा उतरवून ठेवायची. मी हमखास विसरते. पण सकाळी पाहावं, तर पट्टा उतरवलेला. आई जाऊन वर्ष झालं, तरी. आधी अंगावर काटा यायचा, मग बरंच वाटायला लागलं. घरात कुणी वडीलधारं असल्यासारखं.

मुलींच्या फ्रॉकला आई शिवणीच्या आत बोटभर जादा कापड, म्हणजे माया, ठेवायचीच. "पोर वाढतं गं. उसवून सैल करता आलं पाहिजे."

काल मी लेकीचा फ्रॉक नुसता कापून ठेवला होता. आज सकाळी तो शिवून तयार होता. टाका अगदी आईचा. लेक तो घालून गिरक्या घेत सुटली, "कित्ती बरोबर बसलाय बघ!"

माझे डोळे भरून आले. तिला जवळ घेऊन मी कौतुकाने आतली शिवण उलटून पाहिली.

मी ठेवलेली बोटभर माया कुणीतरी शिवणीलगत, नीट, कातरून टाकली होती.